ड्रॅगनेटमधले नार्कोटिक्सचे भाग ऐकतेय, यावरून मराठी श्रुतिका करायची आहे, मदत हवी

लष्करची_नात (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरची, लष्कर भागात राहते, लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

गेले दोन महिने रात्री ओटा आवरला की इयरफोन लावून ड्रॅगनेट ऐकते. १९४९ साली अमेरिकेत एनबीसी रेडिओवर सुरू झालेली, लॉस एंजेलिसच्या पोलिसांची मालिका. सार्जंट जो फ्रायडे आणि त्याचा जोडीदार बेन रोमेरो. एक भाग अर्ध्या तासाचा. सुरुवातीला फ्रायडे सांगतो आज कुठला वार, हवा कशी आहे, आम्ही कुठल्या ड्यूटीवर आहोत आणि साहेब कोण, आणि एवढ्यावरच आपण त्या ऑफिसात जाऊन बसतो. चोरी, खून सगळंच आहे त्यात पण मी अडकले ती नार्कोटिक्सच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या भागांत. एका भागात फ्रायडे स्वतः गिऱ्हाईक बनून विकणाऱ्यांत मिसळतो आणि तेव्हा तो जे बोलतो ना, इतकं सपाट, इतकं हळू, की मी गॅस बंद करून तशीच उभी राहिले होते.

आता मुद्द्याचं. आमचं छोटं मंडळ आहे, दरवर्षी गणपतीत एक नाटुकलं करतो. या वर्षी मला श्रुतिका करायची आहे, हॉलमधले दिवे बंद, लोकांनी फक्त ऐकायचं. विषय नशेचाच हवा आहे, कारण आमच्या गल्लीतला एक मुलगा, माझ्या भावाच्या वर्गातला, स्मॅकच्या नादी लागला. आधी घरातली पितळेची भांडी गेली, मग गॅसचं सिलिंडर गेलं. आता त्याची आई स्वतःच्याच घरात रात्री खोलीला आतून कुलूप घालून किल्ली उशाखाली ठेवून झोपते. मी डोळ्यांनी बघितलंय ते कुलूप. आणि गल्लीतले सगळे, आम्ही पण, याबद्दल कुजबुजतो, मोठ्यानं कोणी बोलत नाही.

तर, एक म्हणजे ड्रॅगनेटची गोष्ट उचलून ग्वाल्हेरात आणली तर चालेल का, फ्रायडेचा जोशी केला आणि लॉस एंजेलिसचं लष्कर केलं तर? दुसरं, त्यात पोलिस जसं काम करताना दाखवलेत तसं खरंच असतं का? आणि तिसरं, आवाज कसे करायचे, आमच्याकडे एक माइक आणि एक मोबाइल आहे फक्त.

दांडियाबाजार (बडोदा)

ताई, वा! मला वाटायचं ड्रॅगनेट ऐकणारा मराठी माणूस मी एकटाच.

थोडी पार्श्वभूमी देतो, तुम्हाला लिहिताना उपयोगी पडेल. फ्रायडेचा आवाज जॅक वेबचा, दिग्दर्शनही त्याचंच. १९४८ मध्ये तो एका पोलिसपटात प्रयोगशाळेतल्या माणसाची छोटी भूमिका करत होता आणि तिथे सल्लागार म्हणून लॉस एंजेलिस पोलिसांतला मार्टी विन नावाचा सार्जंट होता. त्याच्याशी बोलता बोलता वेबला हे सुचलं, की रेडिओवरचे डिटेक्टिव्ह सगळे चटपटीत बोलणारे आणि गोळ्या झाडणारे, खरा पोलिस तसा नसतोच. मग पोलिस खात्याची परवानगी काढली, खऱ्या केसेसच्या फायली मिळाल्या आणि ३ जून १९४९ ला पहिला भाग लागला. सुरुवातीच्या बऱ्याच संहिता जेम्स मोझरच्या आहेत.

ती चार सुरांची धून वॉल्टर शूमनची. आणि रोमेरोचं काम करणारा बार्टन यारबरो डिसेंबर १९५१ मध्ये हृदयविकारानं गेला, तर मालिकेतही रोमेरोला तसंच मरण दिलं. तो भाग एकदा ऐका, वेबचा आवाज तिथे सपाट राहत नाही असं मला दर वेळी वाटतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. फ्रायडेचा जोशी करू नका. संहिता दुसऱ्याची आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे ती गोष्ट त्या शहराची आहे. पद्धत घ्या, गोष्ट तुमची लिहा. पद्धत म्हणजे काय, तर तपास जसा झाला त्याच क्रमानं ऐकणाऱ्याला न्यायचं, पोलिसाला जे कळलं तेवढंच त्याला कळू द्यायचं, आधी काही फोडायचं नाही, आणि शेवटी कोर्टात काय झालं ते दोन वाक्यांत सांगून थांबायचं.

नावाचं पण सुचवतो. ड्रॅगनेट म्हणजे तळाशी ओढत न्यायचं जाळं. माझं आजोळ मालवणकडचं, तिकडे किनाऱ्यावरून जे मोठं जाळं ओढतात त्याला रापण म्हणतात. लहानपणी मी ओढलीय. एक माणूस ओढूच शकत नाही, दोन्ही टोकांना रांगा लागतात, तासभर दोरी हातात असते आणि जाळ्यात काय आहे ते शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत कोणालाच माहीत नसतं. तुमच्या श्रुतिकेला हेच नाव द्या असा माझा आग्रह आहे.

मुरारकर_काका (ग्वाल्हेर)

बेटा, तुझा दुसरा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी नार्कोटिक्समधूनच रिटायर झालो आहे, इथे मुरार भागातच नोकरी झाली बरीचशी. आपल्या गावातल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं की देशाच्या नार्कोटिक्स कमिशनरचं ऑफिस दिल्लीला नाही, आपल्या ग्वाल्हेरला आहे, १९६० मध्ये सिमल्याहून इथे आलं. मंदसौर, नीमच, रतलामकडे सरकारी परवान्यावर अफू पिकते, तो परवाना देणं, शेत मोजणं, एप्रिलमध्ये चीक तोलून घेणं हे सगळं याच खात्याचं काम. म्हणजे अमेरिकेतला पोलिस ज्याच्या मागे धावतो तेच आमच्याकडे शेतात उभं असतं, पांढऱ्या फुलांचं, आणि शेतकरी दुपारनंतर बोंडाला चिरा देतो आणि सकाळी घट्ट झालेला चीक खरवडून घेतो. खरा प्रश्न हा, की त्या शेतातून परवान्याच्या बाहेर काही जाऊ नये. हेरॉइन तिथूनच बनतं, तुझ्या गल्लीतलं स्मॅक म्हणजे तेच, भेसळ केलेलं.

म्हणून बडोद्याच्या भाऊंचं बरोबर आहे. १९५० ची अमेरिका उचलून १९५० च्या ग्वाल्हेरात ठेवलीस तर सगळं चुकेल. तेव्हा आपल्याकडे खायची अफू परवान्याच्या दुकानात मिळत होती, ती दहा वर्षांत हळूहळू बंद करायची असं १९४९ मध्ये ठरलं आणि १९५९ पासून बंद झाली. गोष्ट ठेवायची तर १९८५ च्या नंतर ठेव, अमली पदार्थांवरचा एनडीपीएस कायदा आल्यावर.

आता काम कसं असतं ते. तुझ्या मालिकेत ते तासन्‌तास गाडीत बसून वाट बघतात ना, ते खरं. माझ्या नोकरीत सगळ्यात जास्त काय केलं असेल तर वाट बघितली. मुखबिरनं, म्हणजे खबऱ्यानं, खबर दिली की ती आधी कागदावर लिहायची, वरच्या साहेबाला पाठवायची, मग निघायचं. सूर्य मावळल्यावर घरात घुसायचं तर वॉरंट हवं, नाहीतर का थांबू शकत नाही त्याची कारणं आधी लिहून ठेवायची. एकदा आम्ही एका घरासमोर रात्रभर बसलो होतो, थंडीत, उजाडायची वाट बघत, समोरच्या हलवायानं भट्टी पेटवली तेव्हा आमच्या हवालदाराला रडू यायचं बाकी होतं इतका गारठला होता. मग आत गेलो तर तुपाच्या डब्यात माल होता. ती अफूची वास, ओल्या गवताच्या गंजीसारखी आणि वर काहीतरी उग्र, अजून नाकात आहे.

आणि पकडल्यावर काम संपत नाही, सुरू होतं. पंच बोलवा, तोला, नमुना काढा, पुडकं कापडात शिवा, लाख लावा, मोहर मारा, पंचांच्या सह्या घ्या, मालखान्यात जमा करा, रजिस्टरमध्ये वेळ लिहा. यातलं एक चुकलं की दोन वर्षांनी कोर्टात आरोपी सुटतो. आमची एक केस एका मोहरेवरून गेली, ठसा अस्पष्ट होता. मी स्वतः मारलेली नव्हती ती, पण त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही.

काळाकोट (ग्वाल्हेर)

मी हायकोर्टाच्या इथल्या खंडपीठात वकिली करतो, काकांच्या बोलण्यात थोडं जोडतो, आणि एक गोष्ट वेगळी पण सांगतो.

गोष्ट १९८६-८७ ची ठेवलीत तर पात्रांच्या तोंडी ‘कमर्शियल क्वांटिटी’, म्हणजे ज्याच्या वर शिक्षा वाढते ते प्रमाण, घालू नका. अफू अडीच किलो, हेरॉइन अडीचशे ग्रॅम ही आजची विभागणी २००१ च्या दुरुस्तीनंतरची आहे. तेव्हा विक्रीच्या गुन्ह्याला सरळ किमान दहा वर्षं. पण त्या कायद्याचं कलम ५० तेव्हाही होतं. माणसाची झडती घेण्याआधी त्याला विचारावं लागतं की तुझी झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी असं तुला वाटतं का, तो तुझा हक्क आहे. १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी बलदेवसिंगच्या केसमध्ये हे पक्कं केलं, की हे सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. तो एक प्रश्न आणि त्यानंतरची शांतता, रेडिओसाठी याहून चांगला प्रसंग मला तरी सुचत नाही.

आता वेगळी गोष्ट. ड्रॅगनेट मलाही आवडतं पण ते खात्याच्या मंजुरीनं बनत होतं हे विसरू नका. त्यातले पोलिस नेहमी नम्र, नेहमी स्वच्छ. त्याच लॉस एंजेलिसमध्ये, मालिका सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, १ जुलै १९४९ ला, काउंटी शेरीफचे, म्हणजे तिथल्या जिल्हा पोलिसप्रमुखाचे, तीन डेप्युटी रोचिन नावाच्या माणसाच्या घरात वॉरंटशिवाय घुसले, खोलीचं दार ढकलून. पलंगाशेजारच्या स्टुलावर दोन कॅप्सूल होत्या, त्यानं त्या गिळल्या. तर त्याला दवाखान्यात नेऊन, हातपाय बांधून, नळी घालून पोटातून त्या ओकवून काढल्या. मॉर्फिन निघालं, शिक्षा झाली, आणि १९५२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली, असला पुरावा चालणार नाही म्हणून. शहर तेच, वर्ष तेच, गुन्हा तोच, आणि हे रेडिओवर कधी ऐकू आलं नसतं. १९५१ च्या नाताळात तर खुद्द शहर पोलिसांनी कोठडीत सात जणांना इतकं मारलं की पुढे आठ पोलिसांवर खटले भरले गेले.

म्हणून श्रुतिकेतला पोलिस चांगला दाखवा, जरूर दाखवा, पण तो चांगला का आहे ते दाखवा. तो कलम ५० चा प्रश्न विचारतो, घाई असताना, चिडलेला असताना विचारतो, म्हणून तो चांगला.

आई_दोघांची (ग्वाल्हेर)

सगळे पोलिसांबद्दलच बोलताहात म्हणून लिहिते. त्या कुलूप घालून झोपणाऱ्या आईचं काय? मला माफ करा पण नशेवरचं काहीही बघितलं की त्यात एक पकडणारा असतो आणि एक पळणारा, आणि घरातली बाई दार उघडायला येते तेवढीच. माझ्या माहेरच्या नात्यात हे झालंय. मुलाला पोलिसांनी पकडलं त्या रात्री त्याची आई पहिल्यांदा शांत झोपली आणि सकाळी उठून, झोप लागली म्हणून रडत बसली. हे कुठल्या मालिकेत आहे?

आणि श्रुतिकेच्या शेवटी १४४४६ हा नंबर नक्की वाचा, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे. लोक विचारायला लाजतात, अंधारात कानावर पडला तर कोणीतरी लिहून घेईल.

मालवी_माणूस (इंदूर)

आवाजाच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून मी. आकाशवाणी इंदूरला मालवा हाउसमध्ये बरीच वर्षं कॅज्युअल, म्हणजे हंगामी कलाकार म्हणून श्रुतिका केल्या, आवाज देणं आणि आवाज करणं दोन्ही.

ड्रॅगनेटवाले आवाजाबाबत किती पक्के होते याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, त्यांच्याकडे एका भागाला तीन-तीन चार-चार लोक फक्त आवाजाला असत. पोलिसांचं ऑफिस तेव्हा सिटी हॉलमध्ये होतं, तर तिथे एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जितकी पावलं होतात तितकीच पावलं रेडिओवर वाजली पाहिजेत असा वेबचा हट्ट. ऐकणाऱ्याला पावलं मोजता येत नाहीत हे त्यालाही माहीत असणार, पण नटाला माहीत असतं ना की आपण चालतोय, आणि मग त्याची वाक्यं आपोआप चालत्या माणसासारखी पडतात. आपली मंडळी माइकसमोर चिकटून उभी राहतात आणि पळतानाचं वाक्य पण उभ्याउभ्याच म्हणतात, ते लगेच कळतं. तर चाला खरंच. जिना चढायचा असेल तर तालमीला खरा जिना चढून या आणि मग बोला.

एक माइक पुरे आहे. जवळ, दूर आणि माइकला पाठ, या तीन जागा जमिनीवर खडूनं आखून घ्या. गिऱ्हाईक बनलेला पोलिस अगदी जवळ, ओठ माइकपासून चार बोटं, विकणारा हातभर लांब. बस, लोकांना वाटेल तेच त्या खोलीत उभे आहेत.

आणि ओरडू नका. मराठी नटाला, त्यात गणपतीतल्या नटाला, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय असते. ड्रॅगनेटमध्ये सगळे जणू दुपारी चहा घेताना बोलताहेत असं बोलतात, म्हणून तर तुम्ही गॅस बंद केलात.

अजून एक, आवाज एकटा कधी सोडू नका. काकांनी लाख आणि मोहर लिहिलं, छान आहे, पण नुसती लाख वितळताना काय ऐकू येणार? रंगाचंही तसंच. तपासणीच्या किटमध्ये हेरॉइन टाकलं की जांभळं होतं, पण जांभळं ऐकू येत नाही, कोणीतरी म्हणावं लागतं. तेही ‘अरे बघा, हे जांभळं झालं’ असं नाही. एकानं नुसतं विचारायचं ‘झालं?’ आणि दुसऱ्यानं थोडं थांबून ‘जांभळं’.

लष्करची_नात (ग्वाल्हेर)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काल रात्री हे सगळं दोनदा वाचलं, आईला पण वाचून दाखवलं.

ठरलं आता. जोशी-बिशी नाही, ड्रॅगनेटची गोष्ट नाही. आपलीच, १९८७ ची, मुरार ते लष्कर, आणि नाव ‘रापण’. मंडळात कोणाला रापण म्हणजे काय माहीत नाही म्हणून सुरुवातीलाच हवालदाराच्या तोंडी टाकते आहे, तो मूळचा कोकणातला असं करून. थंडीतली रात्र काकांची, तुपाचा डबा काकांचा. झडतीचा प्रश्न वकीलसाहेबांचा, तो पूर्ण विचारायचा आणि मग आरोपीनं उत्तर देईपर्यंत मनातल्या मनात सात मोजायचे असं मी संहितेत लिहून ठेवलंय.

आई_दोघांची ताई, तुमचं वाचून मात्र मी मधला सगळा भाग फाडला. आता गोष्ट दोन ठिकाणी चालते. इकडे पोलिस उजाडायची वाट बघत बसलेत आणि तिकडे त्याच रात्री, त्याच घराच्या आत आई जागी आहे. दोघं एकमेकांना बघत नाहीत, दोघं सकाळची वाट बघताहेत. कुलपाचा आवाज चार वेळा येतो. ते कुलूप आमच्याकडचंच जुनं पितळेचं घेतलंय, त्याची किल्ली फिरताना आधी अडकते आणि मग जोरात सुटते.

काका, एक विचारायचं होतं, मोहर मारताना नेमकं काय ऐकू येतं? मी काल स्टेशनरीच्या दुकानातून लाखेची कांडी आणली, मेणबत्तीवर धरली, मोबाइलवर रेकॉर्ड केलं. आई बाहेरून म्हणाली, काय तळते आहेस?

मुरारकर_काका (ग्वाल्हेर)

तळण्यासारखाच येतो, बरोबर आहे आईचं. मोहर आधी थोडी ओली करायची, नाहीतर लाख चिकटते. दाबलीस की काहीच आवाज नाही. उचलताना येतो, छोटा, जीभ टाळ्याला लावून सोडल्यासारखा. आणि त्यानंतर आम्ही सगळे वाकून बघायचो ठसा नीट आला का, तेव्हा कोणी श्वास घेत नसे.

तालीम कुठे आहे? जिना चढायचा नसेल तर मी येतो. माझ्याकडे जुनी कापडाची पिशवी आणि दाभण आहे, शिवायचा आवाज खरा मिळेल.

लष्करची_नात (ग्वाल्हेर)

काका, तळमजल्यावरच आहे, रविवारी सकाळी दहाला. दाभण घेऊन या. हवालदाराचं वाक्य पण बदललं, आता तो फक्त म्हणतो, ‘मेणबत्ती जरा इकडे धरा साहेब, ठसा दिसत नाहीये.’